वीस मिनिटांचा फोटो स्टॉप

आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ती ओळ वर्षानुवर्षं तशीच छापली जायची. 'दिवस चौथा. कांचनाबुरी. रिव्हर क्वाय ब्रिज, फोटो स्टॉप.' फोटो स्टॉप म्हणजे वीस मिनिटं. बस थांबायची, मी माइकवर सांगायचे, "पूल समोर आहे, स्वच्छतागृह डाव्या हाताला, अकरा दहाला सगळे बसमध्ये." चाळीस माणसं उतरायची, रुळांवर उभं राहून फोटो काढायची, आणि अकरा दहाला डोकी मोजून मी बस सोडायचे. कुणी विचारलंच तर सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेला पूल. एवढंच. पुढे धबधबा, मग हत्ती, मग परत बँकॉक.

टूर मॅनेजर म्हणून एकोणीस वर्षं मी मराठी माणसांना थायलंडला नेते आहे. बहुतेक सहली बँकॉक आणि पट्टायाच्या. कांचनाबुरी ज्यांच्यात होतं अशा साठ-पासष्ट तरी झाल्या असतील. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी हा प्रांत चुकीचा दाखवला. खोटं काही सांगितलं नाही, पण जेवढं सांगितलं त्यात या जागेचं खरं काही नव्हतं.

बँकॉकपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर पश्चिमेला हे शहर आहे, आणि प्रांत तिथून पार म्यानमारच्या डोंगरसीमेपर्यंत पसरलेला. नाव आपल्या ओळखीचं, कांचनपुरी. तिथली माणसं घाईत नुसतं 'मुआंग कान' म्हणतात. ख्वे याई आणि ख्वे नोई, म्हणजे थोरली ख्वे आणि धाकटी ख्वे, अशा दोन नद्या शहरापाशी मिळतात आणि पुढे मे क्लोंग होतात. थाई भाषेत नदीला 'मे नाम' म्हणतात. मे म्हणजे आई, नाम म्हणजे पाणी. हे सांगितलं की बसमधल्या बायका हमखास गंगा-गोदा-कृष्णेवर येतात, आणि तेवढ्यात प्रवास सोपा होतो.

'क्वाय' हा उच्चार चुकीचा आहे, हे मला तिसऱ्या वर्षी आमच्या लोकल गाइडने सांगितलं. माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान, त्यामुळे मला 'फी' म्हणणारी. फी म्हणजे थोरलं भावंड, आपली ताई. ती म्हणाली, "फी, ख्वे म्हणजे उपनदी. तुम्ही म्हणता ते ख्वाय म्हणजे म्हैस." मग तिने आणखी एक गोष्ट सांगितली. पूल ज्या पाण्यावर उभा आहे त्याला युद्धाच्या काळात ख्वे म्हणतच नसत, ती मे क्लोंगच होती. १९५७ साली इंग्रजी सिनेमा आला. त्याचं चित्रीकरण श्रीलंकेत झालेलं. पण जगभरची माणसं 'क्वाय' नदीवरचा पूल शोधत इथे यायला लागली. तेव्हा १९६०च्या दशकात वरच्या प्रवाहाचं नाव ख्वे याई करण्यात आलं. ही माहिती मी लगेच माइकवर सांगायला घेतली, कारण ती लोकांना आवडायची. तिच्यामागची माणसं मात्र मला अजून दिसली नव्हती.

ती दिसली एका पावसाळी सहलीत.

त्या दिवशी एरावनच्या धबधब्याला पाणी चढलं होतं आणि वरचे टप्पे बंद केले होते. अर्धा दिवस मोकळा पडला. गाइड म्हणाली, खिंडीत नेऊ या. शहरापासून ऐंशीएक किलोमीटरवर, डोंगरात, तो पूल ज्या रेल्वेमार्गावर आहे त्या जुन्या मार्गाची खडक फोडून काढलेली खिंड आहे. रात्री बांबूच्या पलित्यांच्या उजेडात तिथे काम चालायचं. त्या उजेडात हाडं निघालेली माणसं घण घालताना दिसत, म्हणून कैद्यांनी तिला नरकाग्नीची खिंड म्हटलं. इंग्रजीत हेलफायर पास. ऑस्ट्रेलियन सरकारने १९९८ मध्ये तिथे संग्रहालय उभारलं. मी तोवर तिथे गेलेच नव्हते. आमच्या पत्रिकेत ते कधी नव्हतं.

संग्रहालयाच्या मागून लाकडी पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. दोन्ही बाजूंना बांबूची बेटं, खाली सरळ कापलेल्या भिंती, मध्ये थोडे रूळ आणि स्लीपर. आमच्या ग्रुपमध्ये एक काका होते, मध्य रेल्वेतून रिटायर झालेले. सगळी नोकरी रुळांवर, त्यातली बरीचशी कर्जत-लोणावळा घाटात. सहलीत ते फारसे बोलत नसत. बाकीचे पुढे गेले तरी ते भिंतीपाशी थांबले. खडकात वरून खाली अर्धगोल पन्हळीसारख्या खुणा होत्या. त्यांनी त्यातल्या एकीत बोट घातलं आणि हळूहळू खाली ओढत नेलं.

"हे सुरुंगाचं भोक," ते म्हणाले. "खडक फुटला की भोकाचा अर्धा भाग भिंतीत राहतो. एक जण पहार धरतो, दुसरा घण घालतो. दर घावाला पहार थोडी फिरवायची, नाहीतर अडकते. घण चुकला तर धरणाऱ्याचं मनगट गेलं."

मी विचारलं, "एका भोकाला किती वेळ लागत असेल?"

"पोटात अन्न असलं तर?" त्यांनी मलाच उलट विचारलं. मग म्हणाले, "कैद्यांचं तुम्ही सांगितलंत. पण एवढी लाइन नुसत्या कैद्यांवर होत नाही. मजूर कुठले होते?"

मला उत्तर आलं नाही. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आमचा बोरघाट १८६३ ला सुरू झाला. इंजिनिअरांची नावं पुस्तकात आहेत. घाट फोडताना कॉलऱ्याने गेलेल्यांची नावं मी नोकरीभर शोधली. इथेही तसंच असेल."

त्या रात्री हॉटेलवर मला झोप लागली नाही. आठ-नऊ वर्षं ज्या जागी माणसं आणत होते, तिथल्या सगळ्यात साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या खेपेला मी दोन दिवस आधी, स्वतःच्या खर्चाने गेले. युद्धस्मशानभूमीशेजारी या रेल्वेचं एक चांगलं संग्रहालय आहे, तिथे दिवसभर बसले. थायलंडमधल्या बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायतपर्यंत ४१५ किलोमीटरचा मार्ग. १९४२ मध्ये काम सुरू झालं आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. साठ हजारांवर दोस्तराष्ट्रांचे युद्धकैदी कामाला होते, त्यातले बारा हजारांहून अधिक मेले. आणि काकांनी विचारलेले मजूर? ब्रह्मी, मलाय, जावाचे, चिनी, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तामिळ. पगाराची आमिषं दाखवून आणलेले, पुढे धरून आणलेले. त्यांची नीट यादीच कुणी ठेवली नाही. पावणेदोन लाखांपासून वर अंदाज जातात, आणि मेलेल्यांचा आकडा नव्वद हजारांच्या आसपास धरतात. कैद्यांच्या छावण्यांत निदान त्यांचे डॉक्टर होते, कोण गेलं ते लपूनछपून टिपून ठेवणारे अधिकारी होते. मळ्यावरून बायकापोरांसकट आणलेल्या माणसाला यातलं काहीच नव्हतं. पावसाळ्यात कॉलरा आला तेव्हा छावण्याच्या छावण्या गेल्या.

पुलापासून थोड्या अंतरावर एक जुनं स्मारक आहे. जपानी सैन्यानेच ते १९४४ मध्ये, रेल्वेवर मेलेल्यांसाठी बांधलं. टूरच्या बस तिथे थांबत नाहीत. आवाराच्या भिंतींवर वेगवेगळ्या भाषांतले लेख आहेत, आणि त्यातला एक तामिळमध्ये आहे. मला तामिळ वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखता येतात. त्या परक्या गावात भारतातली लिपी दगडावर बघितली आणि पाय तिथेच थांबले. इतकी वर्षं मी यापासून चालत पाच-दहा मिनिटांवर उभी राहून स्वच्छतागृह डाव्या हाताला आहे हे सांगत होते.

त्यानंतर फोटो स्टॉप मी बंद केला. ऑफिसात वाद झाला. लोक मजा करायला येतात, स्मशान कशाला, असं म्हणणं होतं. मलाही धाकधूक होती. पण अनुभव वेगळाच आला. आधी युद्धस्मशानभूमीत जायचं, मग पुलावर. जवळजवळ सात हजार कबरी आहेत तिथे, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. हिरवळ अगदी कातरलेली, प्रत्येक नावापाशी फुलझाड. मी फक्त एक सांगते, नावाखाली वय लिहिलंय ते वाचत चला. बावीस, चोवीस, एकवीस. दहा मिनिटांत बोलणं आपोआप बंद होतं. कॉलेजातली मुलं, बसमध्ये ज्यांचं लक्ष मोबाइलमधून निघत नाही, तीही खाली वाकून वाचतात. बाहेर पडताना प्रवेशद्वाराच्या इमारतीत थांबायचं. तिथे अविभाजित भारताच्या सैन्यातल्या अकरा जणांची नावं कोरली आहेत. थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत त्यांना पुरलं होतं, त्या कबरी राखणं शक्य झालं नाही म्हणून नावं इथे. एकदा नाशिककडच्या एका आजींनी पर्समधला प्रसादाचा खडीसाखरेचा पुडा काढला आणि त्या नावांखाली चार खडे ठेवले. राखणदार बघत होता. त्याने काही म्हटलं नाही.

मग पूल. आता लोक पुलावर हळू चालतात. मध्ये सरळ रेषांचे दोन गाळे आणि बाकीचे कमानदार, हा फरक मी दाखवते. कमानी मूळच्या, जपान्यांनी जावाहून आणलेल्या. बॉम्बनी पडलेल्या गाळ्यांच्या जागी युद्धानंतर ते सरळ गाळे बसवले. फोटो आताही काढतात, काढावेतच. पण हात पसरून फार कुणी काढत नाही.

गाडीनेही नेते. साधी तिसऱ्या वर्गाची गाडी, लाकडी बाक, उघड्या खिडक्या, परदेशी माणसाला शंभर बाट. पुलावरून निघून ती ख्वे नोईच्या काठाने नाम तोकपर्यंत जाते. नाम तोक म्हणजे पाणी पडणं, धबधबा. थाम क्रासेपाशी रूळ डोंगराच्या कड्याला चिकटून लाकडी खांबांवरून जातात, गाडी माणसाच्या चालीने सरकते, खाली नदी. एका बाजूला हात बाहेर काढला तर खडक लागेल. सुंदर जागा आहे, यात शंका नाही. या प्रांतात सौंदर्य आणि दुःख एकाच रुळावर आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी बघता येतं, हे मला लोकांनीच शिकवलं. मी उगाच त्यांना जपत होते.

एरावनबद्दल मात्र माझ्या चुकीचं सांगायला हवं. नाव आपल्या ऐरावताचंच. सर्वांत वरच्या टप्प्यावरचा खडक हत्तीच्या मस्तकासारखा दिसतो म्हणतात. सात टप्प्यांचा धबधबा, चुनखडीच्या खडकामुळे पाणी निळं-हिरवं. दुसऱ्या टप्प्याच्या वर खाण्याचं काही नेता येत नाही. पाण्याच्या बाटलीची नोंद करून वीस बाट अनामत ठेवायचे, रिकामी बाटली दाखवली की परत. हा नियम आपल्या सह्याद्रीतल्या प्रत्येक धबधब्याला लागू व्हावा असं मला दरवेळी वाटतं.

पत्रिकेत 'सात टप्पे' छापलेलं, म्हणून मी माइकवर सांगायचे, सातही बघून या. वर जाणारी वाट दोनेक किलोमीटरची, शेवटी उभी, मुळांवरून आणि ओल्या दगडांवरून. एकदा सत्तरीचं एक जोडपं ठरलेल्या वेळेला परतलं नाही. वरचे टप्पे दुपारनंतर बंद करत आणतात, माणसं खाली येत होती, आणि हे दोघं त्यांत नव्हते. मी धावत वर गेले. पाचव्या टप्प्यापाशी काका दगडावर बसलेले, गुडघा सुजून भोपळा झालेला. काकू पदराने वारा घालत होत्या. वनरक्षकांनी स्ट्रेचरवरून त्यांना उतरवलं. सबंध वाटेत काका एकच म्हणत होते, "सातही बघायचे म्हणालात ना, पाचच झाले." ती लाज अजून गेलेली नाही. आकडा मी दिला होता, त्यांनी तो ऑर्डर म्हणून घेतला.

आता मी आकडा सांगतच नाही. दुसऱ्या टप्प्यावर बसते आणि सांगते, इथे पाय सोडून बसलात तरी एरावन झाला. पाण्यात बोटभर-वीतभर मासे पायांना येऊन टोचतात. आधी किंचाळ्या, मग हसू, मग शांतता. तास-तासभर बसतात माणसं. घरी गेल्यावर कळवतात, ते मासे आठवतात.

हत्तींचंही सांगते. जंगलातल्या एका कॅम्पवर हत्तीवरून फेरी असायची. ती 'ऑप्शनल' होती, आणि ऑप्शनलवर मला कमिशन होतं. कितीतरी वर्षं मी ती विकली. एका सकाळी ग्रुपच्या अर्धा तास आधी पोहोचले. माहूत हत्तिणीच्या पाठीवरचा हौदा उतरवून निळं औषध लावत होता. पट्टा घासून कातडं सोललं होतं, तळहाताएवढं, आणि माश्या बसत होत्या. औषध लागलं तशी ती सगळ्या अंगाने थरथरली. तासाभरात तोच हौदा परत चढला. त्या दिवशी मी फेरी रद्द केली नाही. लोकांनी पैसे भरले होते, आणि माझ्यात धीर नव्हता. पुढच्या सहलीपासून विकणं थांबवलं. रद्द न केल्याचं वाईट अजून वाटतं.

प्रासात मुआंग सिंगला सगळ्यांना नेत नाही. जांभ्या दगडाचं ख्मेर काळातलं ठाणं, नदीच्या वळणावर, झाडीत. कोकणातला कुणी ग्रुपमध्ये असला तर आवर्जून नेते, कारण तो आधी चिऱ्याला हात लावतो आणि मग देवळाकडे बघतो.

शेवटी संखलाबुरीचं. शहरापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर, सीमेजवळ, वळणावळणांचा घाट. मोठी बस घेऊन मी कधी जात नाही. दहा-बारा जण, दोन व्हॅन, एक मुक्काम. तिथे मोन लोकांची वस्ती आहे, ब्रह्मदेशातून आलेल्यांची. तलावावर त्यांनी लाकडाचा लांबलचक पूल बांधला, त्यांच्या भिक्षूंच्या पुढाकाराने. २०१३च्या पुरात तो मधूनच वाहून गेला, पुन्हा उभा केला. पहाटे गालांना तनाखाचा लेप लावलेल्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन पुलावरून जातात, भिक्षू भात घ्यायला येतात. पलीकडे एक चैत्य आहे, बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवर बांधलेला, नावही बुद्धगयेचंच. आपली माणसं तो लांबून ओळखतात. एकदा औरंगाबादहून आलेल्या एका कुटुंबाने तिथे बसून त्रिशरण म्हटलं, आणि दोन मोन म्हाताऱ्या येऊन त्यांच्याशेजारी बसल्या. शब्द दोघींच्याही ओळखीचे होते.

तलाव मूळचा नाही. १९८४ साली धरण झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. मोन लोकांचं जुनं देऊळ तिथेच आहे. पावसाळ्यानंतर नुसता माथा दिसतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की होडीने जाऊन आत चालता येतं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझ्याबरोबर एक बाई होत्या, साठीच्या, इंदापूर तालुक्यातल्या. उजनीच्या पाण्यात त्यांचं माहेर गेलं तेव्हा त्या शाळेत होत्या. होडी टेकल्यावर बाकीच्यांनी कॅमेरे काढले. त्यांनी चपला काढल्या. आत छप्पर नव्हतं. भिंतींवर दरवर्षीच्या पाण्याच्या रेघा, एकीखाली एक, आणि खिडकीच्या कोनाड्यात वाळलेल्या गोगलगाईंचे शंख. त्यांनी भिंतीला हात लावला, वास घेतला, आणि म्हणाल्या, "हाच वास. पळसदेवला पाणी उतरलं की देवळात असाच वास येतो."

मग त्यांनी गाइडकडून होडीवाल्याला विचारायला सांगितलं, जुनी घरं कुठल्या बाजूला होती. तो पाण्याकडे बोट दाखवत गेला, इथे बाजार, इथे आमचं घर, इथून वाट नदीवर जायची. तो तेव्हा तान्हा असणार, आईकडून ऐकलेलं सांगत होता. बाई प्रत्येक बोटामागे बघत होत्या. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. व्हॅन थांबली होती, जेवण गार होत होतं, ते होऊ दिलं.

निघताना त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "देव कुठं नेला?"

मी तो गाइडला समजावून दिला, आणि तिने होडीवाल्याला. त्याने लगेच हात वर केला. टेकडीवर नव्या विहाराचं सोनेरी शिखर उन्हात चमकत होतं. बाईंनी होडीतूनच तिकडे हात जोडले. "आमचाही वरच नेला," म्हणाल्या. मग बसल्या जागी वळल्या, आणि त्या उघड्या, रिकाम्या भिंतींनाही हात जोडले. होडीवाल्याने इंजिन सुरू करायला दोरी हातात धरली होती. ती त्याने सोडली, आणि तोही थांबला.